बाकी उणे का येते? वार काढणारा प्रोग्रॅम मधूनच फसतो तेव्हा

"सर, पंधरा ऑगस्टला चालतंय, माझ्या वाढदिवसाला चालंना."

सांगलीत विश्रामबागेत माझा छोटा क्लास आहे. हे वाक्य मी तिथं दर पावसाळ्यात ऐकतो. पोरं बदलतात, लॅपटॉप बदलतात, वाक्य तेच राहतं. यंदा एका आठवड्यात चौघांनी विचारलं. म्हटलं, आता एकदाच लिहून टाकावं, म्हणजे पुढच्या वर्षी नुसती लिंक पाठवता येईल.

प्रोग्रॅम साधा आहे: तारीख द्यायची, वार सांगायचा. झेलर नावाच्या जर्मन गणितीनं १८८० च्या दशकात यासाठी एक सूत्र मांडलं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला ते सी भाषेत लिहायला देतात. आपल्या अक्षरांत ते असं:

एकूण = द + (१३ × (म + १)) / ५ + व + व / ४ + श / ४ − २ × श
वार = एकूण % ७

द म्हणजे दिवस, म म्हणजे महिना, व म्हणजे वर्षाचे शेवटचे दोन आकडे आणि श म्हणजे पहिले दोन. जानेवारी-फेब्रुवारी आदल्या वर्षाचे तेरावा आणि चौदावा महिना म्हणून धरायचे. सगळे भागाकार पूर्णांकात. % म्हणजे भागून उरलेली बाकी. उत्तर ० आलं तर शनिवार, १ आलं तर रविवार, असं करत ६ ला शुक्रवार. (आकडे इथं देवनागरीत आहेत. कोडमध्ये टाईप करताना इंग्रजीच घ्या, नाहीतर कंपायलर (कोड मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम) पहिल्याच ओळीला अडून बसेल आणि तो वेगळाच प्रॉब्लेम होईल.)

पोरं पहिल्यांदा १५ ऑगस्ट १९४७ टाकतात. एकूण ६२, बाकी ६, शुक्रवार. बरोबर. मग १ मे १९६०. एकूण ५७, बाकी १, रविवार. तेही बरोबर. मग २६ जानेवारी १९५०, गुरुवार. झालं, प्रोग्रॅम पास. चहा पिऊन येतात, स्वतःची जन्मतारीख टाकतात आणि वाराच्या जागी चित्रविचित्र अक्षरं येतात, नाहीतर प्रोग्रॅम खाडकन बंद पडतो.

यंदा शेजारी शेजारी बसणाऱ्या दोन मुली होत्या, दोघींचा जन्म २००५ चा. एकीची तारीख ५ एप्रिल, दुसरीची ३१ डिसेंबर. दुसरीला शनिवार आला, पहिलीला कचरा. कोड एकच, पेनड्राइव्हवरून उचललेला. इथून पुढं प्रत्येक बॅच त्याच क्रमानं जाते. आधी कंपायलर काढून पुन्हा टाकतात. मग ऑनलाइन कंपायलरवर चालवून बघतात. मग कोणीतरी हुशार पोरगं तोच प्रोग्रॅम पायथनमध्ये लिहितं. तिथं तो बिनबोभाट चालतो आणि "सी मध्येच बग आहे" असा निकाल लागतो.

बग सी मध्ये नव्हता, माझ्या नोट्समध्ये होता. मी हा प्रोग्रॅम कितीतरी वर्षं त्याच झेरॉक्सवरून शिकवत होतो आणि २०१८ पर्यंत एकाही पोराची तक्रार आली नाही. मला वाटायचं, आपलं शिकवणं पक्कं आहे. खरी गोष्ट एवढीच होती, की तोवर समोर बसणाऱ्या सगळ्यांचा जन्म २००० च्या आधीचा होता.

निदान करायला दोन मिनिटं पुरतात. वाराचं नाव छापायच्या आधी 'एकूण' आणि 'वार' हे दोन आकडे छापा. फक्त उत्तर बघत बसू नका. ५ एप्रिल २००५ साठी काय होतं बघा. ५ + १३ + ५ + १ + ५ − ४० म्हणजे उणे ११. सी म्हणतं उणे ११ % ७ बरोबर उणे ४. आता वारांच्या नावांच्या अॅरेत (ओळीनं मांडलेले कप्पे, पहिल्याचा क्रमांक ०) उणे चौथा कप्पा कुठून आणायचा? सी तुम्हाला अडवत नाही. अॅरेच्या अलीकडं मेमरीत जे काही पडलंय ते उचलून देतं. जावा निदान ओरडतं तरी, की इंडेक्स (कप्प्याचा क्रमांक) हद्दीबाहेर गेलाय. जावास्क्रिप्ट गुपचूप 'अनडिफाइन्ड' हातावर ठेवतं.

गुन्हेगार 'उणे २ × श' हे पद. विसाव्या शतकात ते ३८ वजा करतं, एकविसाव्यात ४०. शतकाचं वर्ष मोठं असेल, म्हणजे ४७ किंवा ६० किंवा ९९, तर ही वजाबाकी पचून जाते. शतक नुकतंच सुरू झालेलं असेल तर पचत नाही. मी कागदावर हिशोब केला. १ मार्च २००० ला एकूण उणे २४ येतं. तिथून पुढं दरवर्षी थोडं थोडं वर सरकत, उणे एकूण येणारी शेवटची तारीख १ मार्च २०१९ निघते. तिथं बरोबर उणे १. म्हणजे आज कॉलेजात असलेली बहुतेक पोरं या पट्ट्यात जन्मलेली. पण सगळ्यांना फटका बसत नाही. २००५ च्या बाबतीत फक्त मार्च ते २ सप्टेंबर याच काळातल्या काही तारखा अडचणीत येतात. त्यातही ९ एप्रिल २००५ वाला सुटतो, कारण त्याचं एकूण उणे ७, आणि उणे ७ ची बाकी शून्यच. म्हणून "कधी चालतंय, कधी चालत नाही" असं वाटतं.

पोरांना पटावं म्हणून मी आपल्याच भागातल्या माणसांच्या तारखा टाकायला लावतो. कर्मवीर भाऊराव पाटील, २२ सप्टेंबर १८८७: एकूण १२४, बाकी ५, गुरुवार. वसंतदादा पाटील, १३ नोव्हेंबर १९१७: एकूण ३१, बाकी ३, मंगळवार. देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण, १२ मार्च १९१३: एकूण फक्त ४, बुधवार. थोडक्यात वाचले! पाच दिवस आधीची तारीख असती तर तेही उण्यात गेले असते. आणि मग येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील, ३ ऑगस्ट १९००. एकूण उणे ८, सी ची बाकी उणे १, आणि प्रोग्रॅम कोलमडतो. ब्रिटिशांना जे जमलं नाही ते नानांच्या जन्मतारखेनं माझ्या नोट्सचं केलं, असं मी क्लासात म्हणतो. पोरं हसतात, पण तारीख लक्षात राहते.

आता का, ते बघू. इथं जरा थांबा, कारण पुढं जे पाच-सहा प्रकारचे घोटाळे येणार आहेत त्यातल्या निम्म्यांचं मूळ इथंच आहे.

शाळेत भागाकार शिकताना ताळा करायला लावायचे: भाज्य = भाजक × भागाकार + बाकी. ताळा जुळला की गणित बरोबर. हा नियम सी पाळतं, जावा पाळतं, पायथन पाळतं. कुणीच मोडत नाही. मग उणे २४ ला ७ नं भागल्यावर दोन भाषांत दोन उत्तरं कशी? ताळा दोन्हीकडं करून बघा.

−२४ = ७ × (−३) + (−३)
−२४ = ७ × (−४) + ४

दोन्ही जुळतात. म्हणजे भांडण बाकीचं नाहीच, भागाकाराचं आहे. २४ भागिले ७ म्हणजे ३ पूर्णांक आणि काही. उणे असेल तर उणे ३ पूर्णांक काही. हे 'काही' कापताना सी शून्याच्या दिशेनं कापतं आणि उणे ३ वर थांबतं. पायथन खालच्या दिशेनं कापतं आणि उणे ४ वर जातं. भागाकार ठरला की ताळ्याच्या नियमानं बाकी आपोआप ठरते, तिला स्वतःचं मत नसतं. शाळेत आपल्याला हा पेच कधी पडला नाही, कारण भाज्य उणे असायचाच नाही. चोवीस लाडू सात पोरांत वाटायचे असतात, उणे चोवीस लाडू कोण वाटतो?

अजून स्पष्ट करायचं तर कॅलेंडर घ्या. आज शनिवार आहे. चोवीस दिवसांपूर्वी कोणता वार होता? क्लासात विचारलं की दोन तऱ्हेनं हिशोब होतो. कोणी म्हणतं, एकवीस दिवसांपूर्वी शनिवार, त्याच्या मागं आणखी तीन दिवस: शुक्र, गुरू, बुध. कोणी म्हणतं, अठ्ठावीस दिवसांपूर्वी शनिवार, तिथून चार दिवस पुढं: रवि, सोम, मंगळ, बुध. दोघंही बुधवारीच पोचतात. पहिला सी च्या वाटेनं गेला, त्याची बाकी उणे ३. दुसरा पायथनच्या वाटेनं गेला, त्याची बाकी ४. १ मार्च २००० ला खरोखरच बुधवार होता. म्हणजे सी नं दिलेलं उणे ३ हे चुकीचं उत्तर नव्हतंच. 'शनिवारच्या मागं तीन' असं ते बरोबरच सांगत होतं. आपणच ते अॅरेला जाऊन चिकटवलं, आणि अॅरेला मागं जाता येत नाही. गंमत म्हणजे पायथनच्या यादीला उणे ३ मागितलं तर ती शेवटून तिसरं नाव देते, आणि सात वारांच्या यादीत शेवटून तिसरा बुधवारच निघतो!

आपले पंचांगवाले हे पिढ्यान् पिढ्या करत आलेत. एका ठरलेल्या दिवसापासून आजवर किती दिवस झाले तो अहर्गण काढायचा, त्याला सातानं भागायचं, बाकीवरून वार. आरंभाचा दिवस मागं धरलेला असला की आकडा नेहमी अधिकच, उण्याचा प्रश्नच येत नाही. 'मोड्युलो' हा शब्द १८०१ मध्ये गाऊसनं रूढ केला, पण 'बाकी धरून हिशोब' हे काम त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे.

कोणती भाषा कोणत्या वाटेची, ते माहीत हवं. सी, सी प्लस प्लस, जावा, सी शार्प, जावास्क्रिप्ट, पीएचपी, गो, रस्ट, स्विफ्ट, कॉटलिन: या सगळ्यांत % ची बाकी भाज्याचं चिन्ह घेते, म्हणून उणे येऊ शकते. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस हे डेटाबेसही तसेच. पायथन, रूबी आणि आर भाजकाचं चिन्ह घेतात. ७ नं भागलं तर बाकी ० ते ६ मध्येच. फ्लटरची डार्ट त्याहून सरळ: तिथं % कधी उणे देतच नाही. सी च्या १९८९ च्या मानकात उण्याचं काय करायचं ते कंपायलरवर सोडलं होतं, १९९९ च्या मानकानं 'शून्याकडं कापा' असा निकाल दिला. इंटेलच्या प्रोसेसरचा भागाकाराचा हुकूम मुळातच तसा कापतो, त्यामुळं आपल्याकडच्या मशीनवर आधीही तेच दिसायचं.

सगळ्यात मोठी फसवणूक एक्सेलमध्ये होते. मिरजेचा माझा एक मित्र अकाउंटचं काम करतो. त्यानं सेलमध्ये मॉडचं, म्हणजे बाकी काढायचं, सूत्र लिहिलं होतं, ते व्यवस्थित चालत होतं. फाइल जड झाली म्हणून त्यानं तेच मॅक्रोत (एक्सेलच्या आत लिहायच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये) हलवलं आणि आकडे बिघडले. त्यानं दोन दिवस शीट तपासली. सेलमधला मॉड उणे २४ आणि ७ ला ४ देतो. मॅक्रोच्या भाषेतला मॉड उणे ३ देतो. घर एकच, नाव एकच, वागणूक दोन. शिवाय मॅक्रोतला मॉड दशांश आकडे आधी पूर्णांकात गोल करून घेतो, हा आणखी एक काटा.

आता उपाय. सगळीकडं चालणारा एक आहे:

वार = ((एकूण % ७) + ७) % ७

उणे २४ घ्या. पहिल्या % नं उणे ३, त्यात ७ मिळवून ४, दुसऱ्या % नं ४ च. अधिक आकडा असेल, समजा ६२, तर ६, मग १३, मग परत ६. काही बिघडत नाही. पोरं शॉर्टकट म्हणून (एकूण + ७) % ७ लिहितात. ते उणे ७ पर्यंतच निभावतं. उणे २४ मध्ये ७ मिळवून उणे १७ होतात आणि बाकी पुन्हा उणे ३. हा शॉर्टकट मी बऱ्याच ठिकाणी चालताना पाहिलाय, तेही फक्त आकडा लहान होता म्हणून.

झेलरच्या सूत्रापुरता याहून सुटसुटीत मार्ग आहे. 'उणे २ × श' च्या जागी 'अधिक ५ × श' लिहा. सातच्या हिशोबात दोन मागं आणि पाच पुढं एकच. नाना पाटलांची तारीख पुन्हा टाका: ३ + २३ + ० + ० + ४ + ९५ म्हणजे १२५, बाकी ६, शुक्रवार. एकूण कधी उणे होतच नाही, मग भाषा कोणतीही असो. मी नोट्समध्ये हाच बदल केला. मला हा उपाय जास्त आवडतो, कारण यात आजार झाल्यावर गोळी द्यावी लागत नाही.

जावात २०१४ च्या आठव्या आवृत्तीपासून मॅथ वर्गात 'फ्लोअरमॉड' आहे, कॉटलिनमध्ये 'मॉड' नावाचं फंक्शन, रस्टमध्ये 'रेम_युक्लिड'. उपलब्ध असेल तर तेच वापरा. वाचणाऱ्याला हेतू कळतो.

आणि एक उपाय अजिबात करू नका: अॅब्सोल्यूट व्हॅल्यू. दर बॅचला निम्मी पोरं हेच करून आणतात. बाकी उणे ३ आली ना, मग चिन्ह पुसून ३ करा. कचरा यायचा थांबतो, वाराचं नाव छान छापलं जातं, पोरगं खूश. पण १ मार्च २००० ला मंगळवार दाखवतं आणि नाना पाटलांना रविवार. शनिवारच्या मागं तीन आणि शनिवारच्या पुढं तीन एकच कसे असतील? सातच्या बाबतीत चिन्ह पुसून उत्तर बरोबर येण्याची एकच वेळ, बाकी शून्य असते तेव्हा. प्रोग्रॅम बंद पडत होता तोपर्यंत निदान चूक दिसत तरी होती. आता ती दिसेनाशी झाली. जावात हॅशकोडवरून (वस्तूवरून काढलेल्या आकड्यावरून) कप्पा काढतानाही लोक हेच करतात, आणि तिथं वरून आणखी एक खड्डा आहे: इंट या पूर्णांकांच्या प्रकारातला सर्वांत लहान आकडा, −२१४७४८३६४८, याची अॅब्सोल्यूट व्हॅल्यू काढली तरी ती उणेच राहते. त्याचा अधिक जोडीदार इंटमध्ये मावतच नाही.

इथवर वाराचं झालं. पण हाच आजार दुसऱ्या कपड्यांत येतो तेव्हा ओळखू येत नाही, म्हणून थोडी उदाहरणं.

पलूसकडचा एक जुना विद्यार्थी. त्यांच्या सामाईक विहिरीवर नऊ घरांची पाण्याची पाळी. रोज एक घर, नऊ दिवसांनी परत पहिलं. पाळीवरून भांडणं नकोत म्हणून त्यानं मोबाईलसाठी छोटं अॅप केलं. घरांना ० ते ८ क्रमांक दिले. उद्याची पाळी काढायला त्यानं लिहिलं:

उद्या = आज + १ % ९

आठ दिवस अॅप चोख. नवव्या दिवशी बंद. गुणाकार-भागाकार आधी, बेरीज नंतर हा नियम सगळ्यांना पाठ असतो, पण % हा भागाकाराच्याच पंगतीला बसतो हे विसरतात. इथं आधी १ % ९ झालं, म्हणजे १ च, आणि मग नुसती बेरीज. आठाला नऊ झालं, नऊ क्रमांकाचं घर यादीत नाही. कंस टाकला, (आज + १) % ९, की मिटलं.

पंधरा दिवसांनी त्याचा परत फोन. "सर, उद्याचं बरोबर येतंय, कालचं येईना." मोटर जळाली होती, कालची पाळी कुणाची बुडाली ते बघायचं होतं. त्यानं (आज − १) % ९ लिहिलेलं. आजचा क्रमांक ० असला की उणे १. हे मागचंच दुखणं. एकच घर मागं जायचं असेल तर (आज − १ + ९) % ९ पुरे. कितीही दिवस मागं जायचं असेल तर वरचं दोन % वालं सूत्र घ्या.

त्याच अॅपात विजेचंही होतं. शेतीपंपाला एक आठवडा दिवसाची लाइट, एक आठवडा रात्रीची. ठरलेल्या आठवड्यापासून मोजायचं, विषम आठवडा दिवसाचा, सम रात्रीचा. त्यानं विषम ओळखायला 'आठवडा % २ == १' अशी अट घातली. मागच्या तारखा बघायला गेलं की उणे तिसरा आठवडा विषम असूनही रात्रीत पडायचा, कारण उणे ३ % २ जावास्क्रिप्टमध्ये उणे १ येतं, १ येत नाही. विषम तपासायचं असेल तर 'बाकी १ आहे का' असं विचारू नका, 'बाकी शून्य नाही ना' असं विचारा. ही सवय कोणत्याही भाषेत दगा देत नाही. (दोनाच्या बाबतीत चिन्ह पुसलं तरी चालतं, एक मागं आणि एक पुढं तिथं सारखंच. म्हणूनच अॅब्सोल्यूटची खोड लागते.)

बाकी शून्य आली की गडबडणारे वेगळेच. मोजणी १ पासून आणि बाकी ० पासून, हा तो तिढा. संवत्सराचं नाव काढायचं पंचांगातलं साधं सूत्र आहे: शकात १२ मिळवा, ६० नं भागा, बाकी येईल तितकावा संवत्सर. शके १९४७ घ्या, १९५९ ला ६० नं भागून बाकी ३९, एकोणचाळिसावा विश्वावसु. बरोबर. पण प्रभवापासून क्षयापर्यंत साठ नावं अॅरेत भरली, तर अॅरेत पहिल्याचा क्रमांक ०. तिथं ३९ वर चाळिसावं नाव, पराभव, बसलेलं असतं. मग कोणी एक वजा करतं, (शक + १२) % ६० − १, आणि वर्षानुवर्षं ते चालतं. फसेल ते शके १९६८ ला, जेव्हा बाकी ० येईल आणि एक वजा करून उणे १. जुने जाणकार तोंडी सांगायचे, बाकी शून्य आली तर साठावा धर. प्रोग्रॅमला ते असं सांगायचं: आधी एक वजा, मग बाकी. (शक + ११) % ६० थेट अॅरेला द्या. माणसांना दाखवायचा क्रमांक हवा असेल तर त्यात १ मिळवा. महिन्यांचंही हेच. बारावा महिना '० वा' दिसत असेल तर एक वजा करणं % च्या बाहेर राहिलंय.

दशांशाचं मी थोडक्यात सांगतो, कारण उपायही थोडक्यात आहे. तासगावच्या बेदाण्याच्या वजनाचा हिशोब करणाऱ्या एकाला वजन १०० ग्रॅमच्या पटीत आहे का तपासायचं होतं. त्यानं किलोत ०.३ % ०.१ केलं, आणि शून्याऐवजी ०.०९९९९९९९९९९९९९९९८ आलं. पायथन असो की जावास्क्रिप्ट, दोन्हीकडं हेच. ०.१ हा आकडा मशीनच्या दोनाच्या पद्धतीत नेमका मावत नाही, तो किंचित मोठा साठवला जातो, आणि ०.३ किंचित लहान. त्यामुळं तीनदा भाग जायच्या ऐवजी दोनदाच जातो आणि जवळपास अख्खा ०.१ बाकी उरतो. किलोचे ग्रॅम करा, रुपयांचे पैसे करा, मग % वापरा. ३०० % १०० म्हणजे ०, विषय संपला.

शून्यानं % केलं तर काय? जावा आणि पायथन चूक दाखवून थांबतात, जावास्क्रिप्ट 'नॅन' (म्हणजे 'हा आकडा नाही') देऊन पुढं चालू लागतं, सी मध्ये काहीही होऊ शकतं. अॅपमध्ये एकही घर नोंदवलेलं नसताना पाळी काढायला गेलात की हे होतं. आधी संख्या शून्य नाही ना ते बघा.

भाजकच उणे असेल तर? ७ % −३ ला सी १ देतं, पायथन उणे २. प्रत्यक्ष कामात मला उणे भाजक आजवर एकदाच भेटला, आणि तोही कुणीतरी दोन व्हेरिएबल उलटे लिहिल्यामुळं. असं दिसलं तर % दुरुस्त करत बसू नका, उणे आकडा आला कुठून ते शोधा.

प्रोग्रॅम दुरुस्त झाला असं वाटलं की या तारखा टाका. १५ ऑगस्ट १९४७ टाकू नका, तिच्यावर चुकीचा कोडही पास होतो. ३ ऑगस्ट १९०० ला शुक्रवार आला पाहिजे, १ मार्च २००० ला बुधवार, ५ एप्रिल २००५ ला मंगळवार, ९ एप्रिल २००५ ला शनिवार, १ मार्च २०१९ ला शुक्रवार. नऊ एप्रिलचा शनिवार बरोबर आणि पाच एप्रिलला मंगळवारऐवजी बुधवार येत असेल तर अॅब्सोल्यूट कुठंतरी शिल्लक आहे. एक मार्च २०१९ बरोबर आणि एक मार्च २००० चूक येत असेल तर तुम्ही तो सातवाला शॉर्टकट मारलाय. पाचही बरोबर आल्या, तरी मला फोन करायचा असेल तर क्लास सुटल्यावर, साडेआठनंतर करा.